बिल निम्मं करणारा डबा घेण्याआधी मीटरचा लाल दिवा मोजा

एप्रिल लागला की आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी कूलर लागतात आणि बिलाची धास्ती सुरू होते. नेमकी तेव्हाच ‘पॉवर सेव्हर’ विकणाऱ्यांची गाडी गावात आली. मोठ्या बाबांनी बाराशे रुपयांना एक डबा घेतला, शेजारच्या तीन घरांनीही घेतला. पुढचं बिल आलं तसंच आलं.

गाडीवाल्याने सगळ्यांसमोर कूलरच्या बोर्डाकडे येणाऱ्या तारेला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजणारं यंत्र, लावलं. 1.2 अँपिअर. मग डबा प्लगमध्ये खोचला आणि आकडा 0.8 वर उतरला. “पहा काकाजी, डोयानं पहा! बिल आता निम्म्यावर येते.” हा आकडा खोटा नव्हता, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच आहे. खरा आकडा दाखवून खोटी गोष्ट विकली.

कूलरच्या मोटरला दोन प्रकारचा करंट लागतो. एक प्रत्यक्ष काम करतो, दुसरा मोटरमधलं चुंबकत्व तयार करण्यासाठी तारेतून नुसती ये-जा करतो. अशा डब्यात कपॅसिटर असतो, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग. तो लावला की हा दुसरा करंट तारेत कमी दिसतो. पण घरगुती बिलात युनिट धरलं जातं ते फक्त पहिल्याचं. 180 वॅटचा कूलर डब्याआधीही 180 वॅट खातो, डब्यानंतरही तेवढेच. साडेपाच तासांत एक युनिट. कारखान्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे एकूण करंटपैकी किती कामाला लागतो त्याचा, फरक पडतो, म्हणून तिथे कपॅसिटर बसवणं बरोबर आहे. घरी नाही.

मोठ्या बाबांचा डबा मी उघडला. आत बोटाएवढा कपॅसिटर, दोन-चार रेझिस्टर, डायोड आणि हिरवा एलईडी. माझ्या क्लॅम्प मीटरवर त्याने करंटही नावापुरताच उतरला. म्हणजे दाखवायचा डबा वेगळा आणि विकायचा वेगळा, असंच मला वाटतं.

पारख करायला कुठलंही यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ‘3200 इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त कूलर चालू ठेवा आणि मिनिटभर मोजा. आमच्याकडे डब्याशिवाय दहाच्या आसपास आले, डबा लावूनही तेवढेच. मोठे बाबा स्वतः मोजायला बसले होते.

बिल खरंच कमी करायचं असेल तर 75 वॅटचा जुना पंखा काढून 30-35 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा. तो फरक याच लाल दिव्यावर दिसतो.

गाडीवाल्याने पावती दिली नव्हती, दिलेला नंबर बंद आहे. तुमच्याकडे पावती किंवा यूपीआयची नोंद असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. आणि गाडी दारात आलीच, तर क्लॅम्प मीटर बाजूला ठेवायला सांगा आणि त्याला तुमच्या मीटरसमोर डबा लावायला लावा.