आत्ताच पाडायचं की साठ वर्षं थांबायचं? नदीकाठच्या बंद अणुवीज केंद्रापुढचे दोन रस्ते

२१ मे २००६ रोजी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठावरचा ट्रोजन केंद्राचा ४९९ फूट उंच कूलिंग टॉवर सुरुंग लावून पाडला. लोकांच्या लक्षात तेच दृश्य राहिलं. पण टॉवर कोसळला तेव्हा अवघड काम कधीच उरकलेलं होतं. अणुभट्टीचं प्रेशर व्हेसल, म्हणजे ज्या जाड पोलादी भांड्यात इंधन असतं ते, सात वर्षं आधीच तिथून गेलं होतं. आत काँक्रीट ओतून, सुमारे हजार टनांचं ते धूड ऑगस्ट १९९९ मध्ये बार्जवर चढवलं आणि नदीतूनच वर हॅनफर्डच्या कचराभूमीत नेऊन पुरलं. मोठ्या व्यावसायिक अणुभट्टीचं व्हेसल आतल्या भागांसकट अखंड हलवण्याची ती पहिलीच वेळ. केंद्राचा परवानाही २००५ मध्येच संपवण्यात आला होता.

हे आधी सांगतोय, कारण आपल्या भागातलं केंद्र बंद होणार म्हटल्यावर लोक विचारतात, "टॉवर कधी पडणार?" टॉवरचं काँक्रीट हा या कामातला सर्वांत निरुपद्रवी भाग. खरा निर्णय वेगळ्याच गोष्टीचा असतो.

अमेरिकेची अणुनियामक संस्था, एनआरसी, मालक कंपनीपुढे मुख्यतः दोन रस्ते ठेवते. पहिला डेकॉन: केंद्र बंद झालं की लगेच सफाई आणि पाडकाम. दुसरा सेफस्टोर: इंधन काढून घ्यायचं, यंत्रणा रिकामी करायची, कुलूप लावून पहारा ठेवायचा आणि पाडकाम पुढे ढकलायचं, मात्र बंद झाल्यापासून ६० वर्षांच्या आत सगळं संपवायचं. सगळं जागच्या जागी काँक्रीटमध्ये गाडून टाकण्याचा तिसरा मार्ग कागदावर आहे, पण एनआरसीच्या परवान्याखालच्या एकाही वीज केंद्राने तो मागितलेला नाही. तेव्हा तो सोडून देऊ.

निवड कंपनी करते. पण राज्य सरकार, गावाचं मंडळ, नागरिकांची सल्लागार समिती आणि जाहीर सुनावणीत बोलायला उभा राहणारा रहिवासी यांच्या दबावाने ती बदलते. व्हरमाँटमध्ये ती बदललेली आहे. हा आढावा त्या रहिवाशासाठी आहे.

थांबण्याच्या बाजूने

थांबण्याचं सर्वांत भक्कम कारण भौतिकशास्त्राचं आहे. अणुभट्टीच्या पोलादात साठलेला किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० हा पाडकाम करणाऱ्या कामगाराचा मुख्य शत्रू. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचं. दहा वर्षांत तो साधारण चौथाईवर येतो आणि साठ वर्षांत अडीच हजारांतला एक भागही उरत नाही. आज जे पोलाद पाण्याखाली ठेवून, लांबून यंत्राने कापावं लागतं, त्याच्याजवळ उद्याच्या कामगाराला किरणोत्सर्गाची खूपच कमी मात्रा मिळेल. कामगारांच्या आरोग्याचा हा मुद्दा मी हलका मानत नाही.

पण सगळेच पदार्थ इतके घाईत नसतात. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणजे साठ वर्षांनीही चौथा हिस्सा शिल्लक. स्ट्रॉन्शियम-९० चंही जवळपास तसंच. पोलादातलं कोबाल्ट जागेवर बसून झिजतं, पण स्ट्रॉन्शियम पाण्याबरोबर सरकतं. केंद्र नदीकाठी असेल तर माझ्या मते हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

जमिनीखाली काय आहे

हडसन नदीकाठच्या इंडियन पॉइंट केंद्रात वापरलेलं इंधन ठेवायच्या तलावांतून गळती झाली आणि भूजलात ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) व स्ट्रॉन्शियम-९० सापडलं. कनेक्टिकट नदीवरच्या व्हरमाँट यांकीमध्ये २०१० मध्ये जमिनीखालच्या पाइपांतून ट्रिशियम गळत असल्याचं उघड झालं. हे पाणी नदीकडेच वाहतं. तलाव रिकामा केला की नवी गळती थांबते, पण मातीत मुरलेलं तिथेच राहतं, आणि ते नेमकं कुठे आहे हे खणल्याशिवाय कळत नाही. कुलूपबंद केंद्राखाली कोणी खणत नाही.

त्यात माणसांच्या आठवणीचा प्रश्न येतो. सांडण्याच्या आणि गळतीच्या नोंदी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, हे खरं. तरी कुठला व्हॉल्व्ह नेहमी पाझरायचा, कुठला पाइप नकाशात एका जागी आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच जागी आहे, हे तिथे पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असतं. लगेच काम सुरू केलं तर तो माणूस कामावर असतो. पन्नास वर्षांनी त्याची वही मिळेल, तो मिळणार नाही. कोबाल्ट कमी झाल्याचा फायदा मोजता येतो, हे नुकसान मोजता येत नाही, म्हणून कंपन्यांच्या आराखड्यात ते दिसतच नाही.

घाईचीही किंमत असते. इंडियन पॉइंटचा शेवटचा संच (अणुभट्टी) ३० एप्रिल २०२१ रोजी बंद झाला, होल्टेक कंपनीने पाडकाम हाती घेतलं आणि ट्रिशियम असलेलं पाणी हडसनमध्ये सोडायची तयारी केली. लोक खवळले. २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याविरुद्ध कायदा केला आणि कंपनी फेडरल न्यायालयात गेली. ट्रिशियमचं अर्धायुष्य सुमारे १२ वर्षांचं, म्हणजे तेवढा काळ पाणी टाक्यांत ठेवलं तर त्यातलं ट्रिशियम निम्मं होतं. पाण्यापुरतं थांबणं आणि इमारतींपुरतं न थांबणं, असं वेगळं करता येतं. पण सुनावणीत कोणी विचारलं नाही, तर तसं कोणी सुचवत नाही.

पैसा कोणाचा, वाढणार किती

पाडकामासाठीचा ट्रस्ट फंड बहुतांशी वीज ग्राहकांच्या बिलांतून जमलेला असतो. थांबण्याचा हिशेब असा: फंड गुंतवून ठेवायचा, तो वाढेल, मग काम करायचं. एनआरसी त्यासाठी महागाई वजा जाता वर्षाला २ टक्के वाढ धरू देते. व्हरमाँट यांकी २९ डिसेंबर २०१४ रोजी बंद झालं, तेव्हा मालक एंटर्जी कंपनीचा अंदाज होता खर्च १.२४ अब्ज डॉलर, आणि फंडात होते त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून सेफस्टोर, आणि काम थेट २०७० च्या दशकापर्यंत.

इथे गोष्ट वळली. नॉर्थस्टार या पाडकाम कंपनीने केंद्रच विकत घ्यायची तयारी दाखवली, २०१८ मध्ये राज्याशी करार झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये परवाना हस्तांतरित झाला. काम २०३० पर्यंत संपवायचं ठरलं. करारात राज्याने आणखी एक गोष्ट मिळवली. जागा मोकळी करताना उरलेल्या किरणोत्सर्गाची एनआरसीची मर्यादा वर्षाला २५ मिलिरेम आहे, ती इथे १५ वर आली. साठेक वर्षांचं वेळापत्रक पंधरा-सोळावर आलं आणि जमीनही जास्त स्वच्छ होणार, यात गावकरी आणि राज्य अडून बसले याचा मोठा वाटा.

यात धोका नाही असं नाही. अशा सौद्यात कंपनीचा नफा काम फंडापेक्षा स्वस्तात उरकण्यावर अवलंबून असतो. म्हणून हमीपत्रं, खर्चाचे खुले अहवाल आणि राज्याचा स्वतंत्र निरीक्षक हे लेखी मिळाल्याशिवाय होकार देऊ नका.

उलट, थांबणाऱ्यांच्या हिशेबात एक गृहीतक गुपचूप बसलेलं असतं: कचरा टाकायची जागा तेव्हाही उपलब्ध असेल. साउथ कॅरोलायनातल्या बार्नवेल कचराभूमीने २००८ मध्ये तीन राज्यं सोडून बाकी सगळ्यांना दार बंद केलं. आज उघडं असलेलं दार पन्नास वर्षांनी उघडं असेल, यावर मी तरी पैसे लावणार नाही.

दोन्ही रस्त्यांवर सारखंच

करांचं नुकसान दोन्हीकडे होतं. केंद्र बंद झालं की गावाचा आणि शाळेचा मोठा करदाता जातो. लगेच पाडकाम झालं तर काही वर्षं थोड्या नोकऱ्या आणि पुढे मोकळी जमीन मिळते, एवढाच फरक.

आणि इंधन. १९८२ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेच्या फेडरल सरकारने ३१ जानेवारी १९९८ पासून वापरलेलं इंधन उचलायला हवं होतं. ते आजही उचललेलं नाही. ट्रोजनचा टॉवर, घुमट, टर्बाइनघर सगळं गेलं, पण कोलंबियाच्या काठावर इंधनाच्या ३४ काँक्रीटच्या कोठ्या उभ्या आहेत, पहाऱ्यासह. व्हरमाँट यांकीत अशा ५८ आहेत. "लगेच पाडा म्हणजे सगळं जाईल" असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

दोन अपवाद

पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नदीतल्या थ्री माइल आयलंडचा पहिला संच (१९७९ चा अपघात झाला तो दुसरा) सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि सेफस्टोरमध्ये गेला. २०२४ मध्ये कॉन्स्टेलेशन कंपनीने मायक्रोसॉफ्टशी वीज विक्रीचा करार करून तो पुन्हा सुरू करायचं जाहीर केलं. पाडकाम सुरू झालं असतं तर हा विचारच संपला असता. तुमचं केंद्र तांत्रिकदृष्ट्या धडधाकट असून फक्त बाजारभावामुळे बंद झालं असेल, तर पहिली काही वर्षं थांबण्याला अर्थ आहे. ट्रोजनची वाफ जनित्रं १९९२ मध्ये चिरा पडून निकामी होत चालली होती, तिथे थांबून काही मिळालं नसतं.

शेजारी दुसरा संच चालू असेल तरीही थांबणं समजू शकतं. इंडियन पॉइंटचा पहिला संच १९७४ मध्ये बंद होऊन दशकानुदशकं तसाच उभा राहिला, तो बाकी दोघांबरोबर पाडायचा म्हणूनच.

या दोन परिस्थिती नसतील तर मी लगेच पाडण्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण नदी आहे. सुनावणीत बोलायला मिनिटं मोजकीच मिळतात. ती टॉवरवर घालवू नका. भूजलाच्या विहिरी किती, त्यांचे आकडे कोण आणि दर किती महिन्यांनी जाहीर करणार, टाक्यांतलं पाणी कुठे जाणार आणि फंड कमी पडला तर उरलेले पैसे कोण भरणार, हे विचारा. उत्तरं लेखी मागा.