मुलाच्या अमेरिकन नागरिकत्वाचा पुरावा: पासपोर्ट की एन-६००?

आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक झाले, मूल १८ वर्षांखालचे आहे, त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि ते त्या पालकाच्या ताब्यात अमेरिकेतच राहते. तर ते कायद्याने आपोआप नागरिक होते. वेगळी शपथ लागत नाही. मात्र सरकार आपण होऊन कागद पाठवत नाही. तो मागावा लागतो: एकतर पासपोर्ट, नाहीतर एन-६०० हा अर्ज भरून इमिग्रेशन खात्याकडून नागरिकत्वाचे प्रमाणपत्र.

माझे मत स्पष्ट आहे: आधी पासपोर्ट काढा. तो स्वस्त आहे, सहसा लवकर मिळतो, आणि भारतात आजीआजोबांना भेटायला जायचे तर ओसीआयसाठीही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) तोच लागतो. अर्जासोबत मुलाचा जन्मदाखला, ग्रीन कार्ड आणि पालकाचे नागरिकत्व प्रमाणपत्र जोडा. मूल १६ वर्षांखालचे असेल तर दोन्ही पालकांची संमती हवी. उणीव एकच, १६ वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांनी संपतो.

एन-६०० अर्जातून मिळणारे प्रमाणपत्र कधीच संपत नाही. शुल्क मात्र हजार डॉलरच्या वर आहे, म्हणून अनेक घरांत ते राहून जाते. तरी जमेल तेव्हा कराच. पासपोर्ट परराष्ट्र खाते देते; इमिग्रेशन खात्याच्या नोंदीत मूल ग्रीन कार्डधारकच दिसत राहू शकते. शिवाय पुढे पालकांचा घटस्फोट झाला, कागद हरवले, तर पंचविशीतल्या मुलाला ताबा आणि वास्तव्य सिद्ध करणे फार जड जाते. आज ते कागद तुमच्या कपाटात आहेत.