टुंड्रातल्या कोरलरूटचा माग काढताना: जीबीआयएफ कुठे उपयोगी, कुठे फसवं

ध्रुवीय टुंड्रातलं एखादं ऑर्किड कुठवर पसरलंय हे घरबसल्या पाहायचं, तर जीबीआयएफ (ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी) या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळाइतकी चांगली फुकट सेवा दुसरी नाही. २००१ साली सुरू झालेल्या या आंतरराष्ट्रीय जाळ्याचं सचिवालय कोपनहेगनला आहे. हर्बेरियममधले (वनस्पती-संग्रहालयांतले) वाळवलेले नमुने, देशोदेशींची सर्वेक्षणं आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणांच्या संकेतस्थळावरचे फोटो अशा सगळ्या नोंदी इथे एकत्र मिळतात. मात्र नकाशा उघडला आणि ठिपके पाहिले, एवढ्यावर थांबलात तर टुंड्राबद्दल हमखास चुकीचं चित्र मनात बसेल.

परीक्षेला घेतलेली वनस्पती आहे कोरॅलोऱ्हायझा ट्रिफिडा, म्हणजे कोरलरूट. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड, स्कँडिनेव्हिया, सायबेरिया असा तिचा पसारा ध्रुवाभोवती फिरतो आणि खाली थेट काश्मीरच्या हिमालयापर्यंत येतो. हिला ना नेहमीसारखी पानं, ना मुळं. जमिनीखाली पोवळ्यासारखा फाटे फुटलेला कंद आणि वर वीतभर पिवळट हिरवा दांडा, बस. खोडात हरितद्रव्य थोडं असतं, पण पोट भरतं ते बुरशीवर. हीच बुरशी शेजारच्या विलो किंवा बर्चच्या मुळांशी जोडलेली असते आणि त्या झुडपाची साखर ऑर्किडपर्यंत पोचवते. म्हणून टुंड्रात हिला शोधायचं ते बुटक्या विलोच्या ओलसर, शेवाळलेल्या जाळीत. आपल्या नदीकाठचा वाळुंजही त्याच सॅलिक्स प्रजातीतला. झुडूप नाही तिथे कोरलरूट नाही, हे सूत्र धरून ठेवलं तर नकाशावरचे बरेच खोटे ठिपके आपोआप ओळखू येतात.

शोध सोपा आहे. शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाका. कोरॅलोऱ्हायझा इन्नाटा या जुन्या नावाच्या चिठ्ठ्या ज्या नमुन्यांवर आहेत, तेही त्यातच येतात. समानार्थी नावं जुळवण्याचं हे काम सेवा फार नेटकं करते. नकाशा उघडला की पहिलं काम प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलण्याचं. नेहमीच्या मर्केटर नकाशात ७० अंश उत्तरेला लांबी जवळपास तिप्पट आणि क्षेत्रफळ साडेआठ पट फुगतं. ध्रुवीय प्रक्षेपणाचा पर्याय तिथेच आहे. तो घेतला की ध्रुवाभोवतीचं कडं पहिल्यांदा नीट दिसतं.

आता खोट. ठिपक्यांची गर्दी म्हणजे वनस्पतींची गर्दी नव्हे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये नोंदी करणारे लोक भरपूर, शिवाय त्यांच्या राष्ट्रीय नोंदवह्या जीबीआयएफला जोडलेल्या, म्हणून तो भाग भरून जातो. सायबेरियाची मोकळी जागा पाहून तिथे ऑर्किड नाही असं म्हणू नका. त्यातून कोरलरूट दरवर्षी जमिनीवर येईलच असं नाही. एखाद्या उन्हाळ्यात फक्त कंद जिवंत असतो आणि वर काहीच नसतं.

सगळ्यात मोठी गफलत अक्षांश-रेखांशांत होते. आयनॅचरलिस्टवर एखाद्या नोंदीचं ठिकाण मुद्दाम झाकलेलं असेल, तर ठिपका ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेही टाकला जातो. ६८ अंश उत्तरेला ही चौकट दक्षिणोत्तर सुमारे २२ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ८ किलोमीटर भरते. एवढ्या अंतरात ओढ्याकाठची विलोची जाळी, उघडा खडक आणि तळं, तिन्ही येतात. अशा ठिपक्यावरून अधिवास ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज. जुन्या नमुन्यांचंही तेच: चिठ्ठीवर फक्त खाडीचं नाव असतं आणि आकडे कुणीतरी नंतर बसवलेले असतात.

म्हणून डाउनलोड करताना घाई नको. खातं फुकट उघडता येतं. साधी फाइल घेतलीत तर अधिवासाचा रकानाच येत नाही, माहिती झाकल्याची टीपही येत नाही. अधिवास पाहायचा असेल तर डार्विन कोअर आर्काइव्ह हा सगळ्या रकान्यांचा पर्यायच घ्या, फाइल जड झाली तरी चालेल. साध्या फाइलीचं नाव सीएसव्ही असलं तरी आत रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. एक्सेलमध्ये ‘इम्पोर्ट’ करून टॅब आणि यूटीएफ-८ (अक्षरांची सांकेतिक पद्धत) निवडा, नाहीतर सगळं एका रकान्यात कोंबलं जाईल आणि नॉर्वेजियन गावांची नावं बिघडतील.

ठिकाणाची अनिश्चितता (ठिपका खऱ्या जागेपासून किती दूर असू शकतो तो आकडा) १,००० मीटरपर्यंत असा फिल्टर लावावा, पण ज्या नोंदींत हा आकडा रिकामा आहे त्याही त्यात गळतात, आणि अशा नोंदी थोड्या नसतात. त्या वेगळ्या उतरवून हाताने तपासाव्यात. देशाच्या मध्यबिंदूवर बसलेले आणि हर्बेरियमच्या इमारतीवरच पडलेले ठिपके काढून टाका. आर ही संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज ते काम करतं. एकाच झाडाचे तुकडे चार हर्बेरियमना गेले असतील तर चार नोंदी दिसतात, तीही छाननी करा.

उरलेले ठिपके क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्रुवीय वनस्पती नकाशावर, म्हणजे सीएव्हीएमवर टाका. २००३ चा हा नकाशा आता १ किलोमीटरच्या रास्टर (चौकटींच्या) रूपातही मिळतो. त्यातले उपविभाग ए ते ई असे आहेत. ए मध्ये जुलैचं सरासरी तापमान ० ते ३ अंश, ई मध्ये ९ ते १२. झुडपांची खरी भरभराट ई मध्ये होते, म्हणून कोरलरूटचे ठिपके तिथे आणि त्याच्या दक्षिणेला अपेक्षित आहेत. ए किंवा बी मध्ये एखादा पडला तर आधी त्याची अनिश्चितता बघा.

मोबाइलच्या छोट्या पडद्यावर फिल्टर हाताळणं त्रासाचं आहे, हे काम संगणकावरच करा. प्रत्येक डाउनलोडला मिळणारा डीओआय (कायमस्वरूपी संदर्भ क्रमांक) मात्र लेखात द्यायला फार सोयीचा.

काश्मीरकडे ट्रेकला जाणाऱ्यांनी कोरलरूट दिसलं तर उपटू नये. दांडा आणि फूल जवळून, आणि शेजारची झाडं ओळखू येतील असा एक लांबून, असे फोटो काढावेत. आयनॅचरलिस्टवर टाकताना परवाना ‘सर्व हक्क राखीव’ ठेवला तर नोंद जीबीआयएफपर्यंत पोचत नाही. सीसी बाय (श्रेय देऊन वापर) किंवा सीसी बाय-एनसी (श्रेय देऊन, पण फक्त बिगर-व्यावसायिक वापर) निवडावा.