निवासी शाळा की वसतिगृह? आधी बूट कुठे वाळतात ते बघा

मुलगी पाचवीत गेली की सीमाभागातल्या बऱ्याच घरांत रात्रीच्या जेवणाला हा विषय निघतोच. तिला मुलींच्या निवासी शाळेत घालायचं, की बेळगावात वसतिगृहात ठेवून चालत जाण्याच्या अंतरावरच्या शाळेत? फी, खाटा, निकाल, कॅमेरे हे सगळं माहितीपत्रकात असतं, ते इथे परत लिहीत नाही. आमच्या घरी यातलं एक ठरलं, आणि ते ज्या गोष्टीवरून ठरलं ती कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती.

एक सूचना मात्र आधीच. कर्नाटक सरकारच्या मोरारजी देसाई निवासी शाळेत सहावीला घालायचं तर प्रवेश परीक्षा पाचवीत असतानाच द्यावी लागते. १९६९ पासून चालू असलेली कित्तूरची राणी चन्नम्मा मुलींची निवासी सैनिक शाळाही सहावीपासून घेते. सातवीनंतर बघू म्हणणाऱ्यांपुढे मग बहुतेक वसतिगृहच उरतं.

जून-जुलैचं सांगतो, कारण वर्षाची खरी परीक्षा तिथेच होते. खानापूर तालुक्यात कणकुंबी, आमगावच्या बाजूला पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. बेळगाव शहरातही सलग आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही. गणवेश ४० मुलींचे आणि दोरी एका व्हरांड्याची. टेरिकॉटचा कुर्ता दीड-दोन दिवसांत वाळतो, जाड सुती सलवार तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी दमट लागते. म्हणून दोन जोड कधीच पुरत नाहीत. तीन हवेत, आणि पावसाळ्यापुरता चौथा जुना असला तरी चालेल. धुतलेला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळून दोघींनी दोन टोकांनी पिळायचा, मग उलटा करून टांगायचा, दोन कपड्यांत एक वीत जागा ठेवून. घरात आई हे करते तेव्हा मुलीचं लक्ष नसतं, त्यामुळे मे महिन्यात तिच्याकडून चार वेळा करून घ्या.

हे दोन्हीकडे सारखंच. फरक पडतो तो बुटांत.

निवासी शाळेत खाट ते वर्ग शे-दोनशे पावलं, बहुतेक ठिकाणी पत्र्याच्या छपराखालून. पावसाळ्यात चपलेवर वर्गात बसू देतात. वसतिगृहातली मुलगी पावणेनऊला निघते, १५ मिनिटं चालते. रेनकोट गुडघ्यापर्यंत, छत्री वाऱ्याने उलटी होते, आणि शाळेच्या फाटकापर्यंत मोजे पिळून काढण्यासारखे झालेले असतात. ते तसेच घालून ती साडेचारपर्यंत बसते. काळा बूट आतून भिजला की वाळायला दोन दिवस घेतो. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दर दोन तासांनी बदलले तर एका रात्रीत बरा होतो, पण दर दोन तासांनी उठणार कोण? मग बूट स्वयंपाकघरात चुलीजवळ जातात, उष्णतेने तळव्याचा डिंक सुटतो आणि गणपतीआधी तोंड उघडतं. शनिवारच्या पांढऱ्या कॅनव्हासचं तर विचारू नका, लावलेला पांढरा रंग पावसात ओघळून मोज्यांवर उतरतो.

पिशवीत कोरडे मोजे-बूट घेऊन चपलेवर जायचं आणि शाळेत बदलायचं, हा उपाय चांगला आहे. पण काही शाळा फाटकावरच बूट बघतात, तिथे तो चालत नाही. प्रवेशाआधी एवढं विचारून घ्या.

ओल्या मोज्यांचं पुढचं पाऊल म्हणजे बोटांच्या बेचक्यातली खाज, आणि दमट सलवारीमुळे जांघेत नायटा. यात सगळ्यात मोठी चूक होते ती मेडिकलमधून मिळेल ते मिश्र मलम आणून लावण्याची. त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, मग नायटा पसरतो आणि पुढे औषधाला दाद देत नाही. डॉक्टरांना दाखवून साधं बुरशीविरोधी मलम घ्यावं, आणि डाग गेल्यावरही ते सांगतील तितके दिवस लावावं. अर्थात शाळा अथणी किंवा चिकोडीकडची असेल तर हा सगळा मुद्दा निम्म्याने हलका होतो, तिकडे कपडे वाळतात.

उवांच्या बाबतीत निवासी शाळेला दोष देणं सोपं आहे, पण वसतिगृहातही तेच. एकीच्या डोक्यात दिसल्या की खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी पर्मेथ्रिन लोशन लावायचं आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा, कारण लिखा त्या मुदतीत फुटतात. दुसरा हात चुकला की पंधरवड्यात सगळं परत. निवासी शाळेत वॉर्डन मॅडमनी मनावर घेतलं तर सगळ्या एका दिवशी बसवता येतात. वसतिगृहात प्रत्येकीची शाळा वेगळी, वेळ वेगळी, एकीची तरी राहतेच.

आजारपणातही थोडंफार असंच. वसतिगृहात सकाळी दहानंतर सगळ्या शाळेत, आणि ताप आलेली मुलगी स्वयंपाकाच्या मावशीसोबत एकटी. निवासी शाळेत निदान कोणीतरी आक्का मधल्या सुट्टीत डोकावून जाते. (वरच्या वर्गातल्या मुलींना आक्का म्हणायचं, हे पहिल्या दिवशीच शिकवलं जातं.) पाळी सुरू झाली नसली तरी ट्रंकेत दोन पाकिटं आणि कागदी पिशव्या ठेवाच, पहिली पाळी घरापासून लांब येण्याची शक्यता याच वर्षांत जास्त.

आता वसतिगृहाच्या बाजूचं, आणि ते हलकं नाही. गणित कच्चं असेल तर शहरात शिकवणी लावता येते. निवासी शाळेत संध्याकाळी दोन तास अभ्यासाला बसवतात खरं, पण ज्या मॅडमकडून वर्गात समजलं नाही त्याच समोर असतात. बेळगावात मराठी माध्यमाची शाळा निवडता येते, दहावीच्या ६२५ गुणांपैकी पहिल्या भाषेचे १२५ मराठीतून मिळवता येतात. कन्नड कुठेच सुटत नाही, ती दोन्हीकडे शिकायचीच. पण निवासी शाळेत शिक्षण इंग्रजी किंवा कन्नडमधून, खोलीत कन्नड, आणि दोन वर्षांत पोरगी घरी फोनवर ‘हौदा’ (कन्नडमधलं ‘हो का?’) म्हणायला लागते. काहींना हे फायद्याचं वाटतं, काहींच्या आजीला रडू येतं. ज्याचं त्याने ठरवावं.

अजून एक कागदी गोष्ट, जी बारावीनंतर आठवते. कर्नाटकच्या सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत, ग्रामीण कोटा हवा असेल तर पहिली ते दहावी अशी पूर्ण १० वर्षं राज्यातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. शहरातल्या शाळेत एक वर्ष काढलं तरी साखळी तुटते. निवासी शाळाही नगरपंचायतीच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, ते बीईओ (तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) कार्यालयात विचारावं. गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडे पाठवणाऱ्यांनी तर सीईटीसाठी कर्नाटकात ७ वर्षं शिक्षणाची अटही मोजून बघावी. शिवाय तिकडे सुट्टी दिवाळीची, इकडे दसऱ्याची, म्हणजे दोन भावंडं दोन राज्यांत शिकत असतील तर एकत्र घरी येणं मे महिन्यातच.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. उप्पीट, अन्न-सांबार, ज्वारीची भाकरी, रविवारी काहीतरी गोड, दोन्हीकडे उन्नीस-बीस. घरून देताना चकली-फरसाण टाळा, पावसाळ्यात आठवड्यात सादळतं आणि ट्रंकेत मुंग्या होतात. शेंगदाण्याची चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर टिकते.

भेटींबद्दल थोडं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसने आईला फुकट जाता येतं, म्हणून काही आया दर रविवारी जातात. पहिले तीन आठवडे तरी हे करू नये असं वाटतं, पण कोणाला सांगणार? रडणं जूनमध्ये होतं ते खरं, पण नागपंचमीला घरी येऊन झोका खेळून परत सोडताना होतं ते जास्त अवघड. निवासी शाळेत त्या रात्री सगळ्याच रडत असतात, त्यामुळे दोन दिवसांत निवळतं. वसतिगृहात शेजारच्या खाटेवरची मुलगी, गाव जवळच असल्याने, चार दिवस उशिरा येते, आणि तेवढे चार दिवस जड जातात.

शिकवणी अत्यावश्यक असेल, किंवा मराठी माध्यम सोडायचं नसेल, तर वसतिगृह घ्या, त्यात चूक काही नाही. फक्त शाळा दहा मिनिटांच्या आत असावी आणि चपलेवर आत सोडणारी असावी. नाहीतर आमचा कल निवासी शाळेकडे.

बघायला एप्रिलमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळ्याच जागा कोरड्या दिसतात. आदल्या वर्षीच्या जुलैत जा, सोमवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास. कार्यालयात बसवलं तर पाणी पिऊन उठा आणि व्हरांडा दाखवा म्हणा. दोऱ्या किती, त्यावर कपडे एकावर एक आहेत का, आणि भिंतीकडेला ठेवलेल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबलेलं दिसतंय का ते बघा. कोंबलेलं असेल तर तिथे कोणीतरी लक्ष देणारं आहे.