सी-१४ डेटिंग (कार्बन-१४ मोजून जुन्या वस्तूचं वय काढणं) करून घेतलं, त्याचा अनुभव (५ पैकी साडेतीन स्टार)

लॅबचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढच्या वर्षी परत त्यांच्याच दारात जायचंय. आमची छोटी टीम आहे, दख्खनमधल्या एका ताम्रपाषाणयुगीन वस्तीवर दोन सीझन खणलं आणि मग सर म्हणाले की खापरांवरून कालखंड सांगणं आता पुरे, तारखा काढा. तर तीन सॅम्पल पाठवले. खांबाच्या खळग्यातला लाकडी कोळसा, चुलीच्या राखेतला जळका जवाचा दाणा आणि एका जनावराचं हाड. एका सॅम्पलचे पैसे म्हणाल तर बरा स्मार्टफोन येईल एवढे, म्हणून तीनच.

पहिला घोळ आमचाच, ते आधी कबूल करते. कोळसा नीट अल्युमिनियम फॉइलमध्ये बांधलेला, पण पोरांनी थर आणि खड्ड्याचा नंबर लिहिलेली कागदाची चिठ्ठी आतच टाकली आणि हाड फुटू नये म्हणून वर कापूस भरला!! कागद काय नि कापूस काय, दोन्ही आजचा कार्बन. लॅबमधून मेल आला, "कागद सॅम्पलचा भाग समजायचा का?" सरांनी तो मेल अख्ख्या ग्रुपवर वाचून दाखवला. लॅबने मात्र न कुरकुरता सगळं साफ करून घेतलं, त्याबद्दल शाबासकी.

ज्यांना हे प्रकरण काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वरच्या हवेत कॉस्मिक किरणांमुळे नायट्रोजनचा कार्बन-१४ बनत राहतो, तो झाडं ओढून घेतात, झाडपाल्यातून तो जनावरांत जातो, आणि जीव गेला की नवीन माल यायचा बंद, असलेला हळूहळू विरत जातो. ५७३० वर्षांत निम्मा. साधारण ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्यासारखं काही उरतच नाही. विलार्ड लिबी ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी हे १९४९ मध्ये शिकागोत करून दाखवलं, लिबींना १९६० चं नोबेल मिळालं. आपल्याकडे आधी मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हे काम चालायचं, जुन्या रिपोर्टांत टीएफ अक्षरांनी सुरू होणारे नंबर दिसतात ते तिथले, नंतर ते अहमदाबादच्या पीआरएलला (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) गेलं. तेव्हा ग्रॅममध्ये कार्बन लागायचा आणि मशीन दिवसेंदिवस टिकटिक मोजत बसायचं. आता एएमएसमध्ये (अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री) सरळ अणूच मोजतात, एक मिलिग्रॅमभर कार्बन बास होतो, म्हणून तर एकटा दाणा पाठवता आला.

सर्व्हिसकडे येते. सांगितले होते सहा आठवडे, लागले साडेचार महिने. मध्ये तीन मेल केले, दोनांना उत्तर नाही, तिसऱ्याला "इन प्रोसेस" एवढंच. अरे बाबा, प्रोसेस म्हणजे काय, आम्ल-अल्कली-आम्लाच्या धुण्यात आहे, मोजण्यासाठी त्याचं ग्रॅफाइट झालंय की मशीनची लाइन लागलीय, एक ओळ लिहायला काय जातं? ह्याचा एक स्टार कट.

हाड फुकट गेलं. ज्यावरून तारीख काढतात ते हाडातलं प्रथिन, कोलॅजन, शिल्लकच नाही म्हणे. आपल्या उष्ण हवेत हाडातलं कोलॅजन टिकत नाही हे पुस्तकात वाचलेलं, पण स्वतःच्या पैशाने कळलं की लक्षात राहतं. प्रीट्रीटमेंटचे, म्हणजे मोजणीआधीच्या साफसफाईचे, पैसे मात्र घेतले, फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे, असेल. पण आधी थोडासा तुकडा तपासून कळवतो असा पर्याय ठेवायला काय हरकत होती? इथे अर्धा स्टार गेला.

पण उरलेल्या दोन तारखांनी पैसे वसूल झाले. कोळसा ३१९० ± ३० बीपी, दाणा २९८० ± ३० बीपी. बीपी म्हणजे १९५० च्या आधी इतकी वर्षं, आणि तीही कच्ची, कॅलिब्रेशन व्हायच्या आधीची, हे सुद्धा लोक विसरतात आणि थेट वजाबाकी करून मोकळे होतात. हवेतला कार्बन-१४ कायम एकसारखा नसतो म्हणून झाडांच्या वर्तुळांवरून बनवलेल्या वक्राशी जुळवावं लागतं. जुळवल्यावर कोळसा साधारण इ.स.पू. १५०० ते १४२० आणि दाणा मुख्यतः १३०० ते ११००. एकाच घराच्या, एकाच थरातल्या दोन वस्तू!

मी आधी लॅबवरच चिडले, मशीन बिघडलं असणार म्हणून. मग सरांनी विचारलं, "खांब कशाचा होता गं?" जाडजूड लाकडाचा. झाडाच्या गाभ्यातली वर्तुळं झाड उभं असतानाच मेलेली असतात, त्यांचं घड्याळ तेव्हापासून चालू, वर जुना खांब दुसऱ्या घरातून काढून आणलेला असला तर अजून भर. दाणा मात्र एका हंगामाचा, पिकला तेव्हाच जळला. आणि आमच्या खापरांत तोटीची जोर्वे भांडी होती, म्हणजे दख्खनमधल्या माळवा काळाच्या नंतरची. कोळशाचीच तारीख घेतली असती तर घर माळवा काळात गेलं असतं आणि आम्ही शहाण्यासारखा पेपर लिहिला असता. तेव्हा बजेट एकाच सॅम्पलचं असेल तर कोळसा नको, दाणा पाठवा, त्यासाठी माती पाण्यात तरंगवून दाणे वेचायची कटकट करावी लागते, करा.

रिपोर्ट स्वच्छ होता, आलेखासकट. फक्त ± ३० चा अर्थ कोणी समजावत नाही, ती ६८ टक्क्यांची खात्री आहे, शंभराची नाही.

हे सगळं व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकल्यापासून नातेवाइकांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात. काकांना देवघरातली पितळी मूर्ती तपासायचीय, मावसभावाला कोकणातली कातळशिल्पं. धातूत आणि जांभ्यात कुठून आणायचा जिवंत कार्बन? वाड्याच्या तुळईचं तर विचारूच नका, १६५० च्या नंतर तो वक्र इतका वळसे घेतो की उत्तर शिवकाळापासून इंग्रज जाईपर्यंत कुठेही येईल, त्यापेक्षा घराचे जुने कागद शोधा.

परत ह्याच लॅबकडे पाठवणार का? हो. पुढच्या सीझनचे चार दाणे फॉइलमध्ये बांधून तयार आहेत, चिठ्ठी बाहेरून चिकटवलीय, मी स्वतः.