बिडाच्या इंजिनाची बुलेट ३५० : बत्तीस वर्षांच्या वापरानंतर

साताऱ्यातील आमच्या घराच्या पडवीत १९९३ सालची एक बुलेट स्टँडर्ड ३५० उभी असते. ती माझ्या वडिलांनी नवी घेतली होती. ते पशुवैद्यक होते आणि कोरेगाव व जावळी तालुक्यांतील गोठ्यांपर्यंत औषधांची पेटी मागच्या कॅरिअरला बांधून ते याच गाडीवरून जात असत. २०१६ मध्ये ते गेले आणि गाडी माझ्याकडे आली. अशी जुनी बुलेट घ्यावी का, किंवा घरात असलेली ठेवावी का, असे मला अनेकजण विचारतात. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम गाडी नेमकी कोणती, हे स्पष्ट करायला हवे, कारण आज शोरूममध्ये मिळणारी बुलेट आणि ही बुलेट यांत नावाखेरीज फारच थोडे समान आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील मूळ रॉयल एनफिल्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५ मध्ये एकत्र येऊन भारतात एनफिल्ड इंडिया सुरू केली. त्या काळातील आराखड्यावर आधारलेले इंजिन पुढे मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात अर्धशतकाहून अधिक काळ, लहानमोठे बदल होत, तयार होत राहिले. १९९४ मध्ये कंपनी आयशर समूहात विलीन झाली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस नवे इंजिन आल्यावर हे जुने इंजिन बंद झाले. त्याचा सिलिंडर बिडाचा आहे, म्हणून आपल्याकडे याला सरसकट ‘कास्ट आयर्न’ म्हणतात. क्षमता ३४६ सीसी, बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, ताकद १८ अश्वशक्ती, चार गिअर, आणि गिअरचा खटका उजव्या पायाखाली. पहिला गिअर वर उचलायचा आणि पुढचे तीन खाली दाबायचे. मागचा ब्रेक डाव्या पायाखाली असतो.

या गाडीच्या आनंदाचे मूळ त्या ९० मिलिमीटरमध्ये आहे, असे माझे मत आहे. पिस्टनचा प्रवास लांब आणि फ्लायव्हील जड, त्यामुळे इंजिन घाई करत नाही. सिग्नलला उभे असताना प्रत्येक फायरिंग स्वतंत्रपणे मोजता यावे इतके ते संथ चालते, आणि तरीही चढावर वरच्या गिअरमध्ये न कुरकुरता ओढते. वाईहून पाचगणीकडे जाणाऱ्या पसरणी घाटात तिसऱ्या गिअरवर ताशी पस्तीस-चाळीसच्या वेगाने, दरीच्या बाजूची गार हवा अंगावर घेत, समोरच्या डोंगराला आपल्याच इंजिनाचा आवाज आपटून परत येताना ऐकणे, या सुखाची तुलना मी दुसऱ्या कोणत्याही वाहनाशी करू शकत नाही. उतारावरही हेच इंजिन हात देते. थ्रॉटल सोडला की गाडी स्वतःच आवरली जाते आणि ब्रेकवर ताण येत नाही. साठ ते सत्तर हा तिचा स्वाभाविक वेग आहे. त्यापुढे हँडल आणि फूटरेस्ट यांना अशी थरथर सुटते की अर्ध्या तासात तळहात बधिर होतात. महामार्गावर शंभरच्या वेगाने जायचे असेल, तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. पेट्रोलचे सरासरी माप मला लिटरला तीस ते बत्तीस किलोमीटर मिळते.

गाडी सुरू करणे ही एक शिकण्याची गोष्ट आहे, आणि ज्याला ती येते त्याला ताकद लागत नाही. हेडलाइटच्या वरच्या भागात एक अँपिअर मीटर असतो. चावी फिरवून किक सावकाश दाबत गेले, की त्याचा काटा डावीकडे झुकतो आणि पुन्हा मध्यावर येतो. काटा मध्यावर स्थिरावला म्हणजे पॉइंट (स्पार्कसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडले आणि पिस्टन दाबाच्या टोकाशी आला. तेथे थांबून डाव्या हाताखालचा डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, खटका ओढायचा, किक किंचित पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच सलग, पूर्ण किक. वडिलांनी मला हे शिकवले तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. “पाय मारू नकोस रे, फक्त वजन दे,” एवढेच ते म्हणाले होते. घाईने अर्धवट मारलेली किक कधीकधी उलटी येते, आणि ती नडगीवर किंवा घोट्यावर बसली तर माणूस आठवडाभर लंगडतो. त्याचे कारण बहुतेक वेळा स्पार्क वेळेआधी पडणे हे असते. टायमिंग चुकलेले असते, किंवा वेगानुसार स्पार्क पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेच्या बारीक स्प्रिंगा सैल झालेल्या असतात. तेव्हा गाडी वारंवार उलटी किक देऊ लागली, तर तिला खोडकर ठरवून कौतुक करत बसू नये, टायमिंग तपासावे.

देखभालीत मला सर्वांत प्रिय असलेले काम टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉड नावाच्या दांड्यांची फट जुळवण्याचे, आहे. रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सिलिंडरच्या उजव्या अंगाचे छोटे झाकण उघडायचे, पिस्टन दाबाच्या टोकाला आणायचा, आणि दोन्ही पुशरॉड बोटांच्या चिमटीत धरून फिरवून पाहायचे. ते सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. यासाठी कोणतेही मापक लागत नाही. बोटांना ते कळते, आणि कळू लागले की आवाजावरूनही कळते. पॉइंटची फट मात्र फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्टीनेच) मोजावी, ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी लागते. तेल तीन ठिकाणी वेगवेगळे असते: इंजिनाचे, गिअरबॉक्सचे आणि क्लचच्या डाव्या बाजूच्या पेटीचे. नवा मालक यांतील एक हमखास विसरतो, आणि बहुधा तो क्लचची पेटी विसरतो. याशिवाय क्लचची वायर, चेनचा ताण, स्पोक आणि थरथरीने सैल होणारे नटबोल्ट हे दर पंधरवड्याला पाहावे लागतात. जॉइंटांतून थोडे तेल पाझरणे हा या रचनेचा भाग आहे. जमिनीवर रात्रीतून एखादा थेंब दिसला तर चिंता नाही, पण थारोळे दिसले तर पॅकिंग किंवा ऑइल सील बदलायलाच हवे.

आता जोखमींबद्दल लिहितो, आणि यांपैकी पहिली जोखीम जिवाची आहे. पुढेमागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. चालकासह अडीचशे किलोच्या घरात जाणारे वजन ते थांबवतात, पण आजच्या डिस्क ब्रेकच्या गाड्यांइतक्या अंतरात नाही. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावरही चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. त्यामुळे तुमच्या पुढचा मोटारसायकलस्वार ज्या अंतरात थांबतो, त्या अंतरात तुम्ही थांबणार नाही, हे पक्के धरून अंतर राखावे लागते. दुसरी गोष्ट पायांची. २०१२ मध्ये मी एका सहकाऱ्याची नवी मोटारसायकल घेऊन पोवई नाक्यावरून जात होतो. पुढची रिक्षा अचानक थांबली आणि माझ्या डाव्या पायाने वर्षानुवर्षांच्या सवयीने ब्रेक दाबला. त्या गाडीत तेथे गिअर होता. मागचे चाक हिसका खाऊन घसरले, मी पडलो, आणि कोपर सोलवटण्यावर निभावले. पाठीमागून काही येत नव्हते, एवढ्यानेच मी वाचलो. तेव्हापासून मी दुसरी गाडी चालवायला घेताना पहिली पाच मिनिटे मोकळ्या रस्त्यावर काढतो, आणि माझी बुलेट कोणी मागितली तर त्याला आधी मैदानात दोन फेऱ्या मारायला लावतो. मैत्री कितीही जुनी असली तरी या बाबतीत संकोच करत नाही.

दुसरी जोखीम पैशाची आणि चोरीची. पाच वर्षांपेक्षा जुन्या वाहनाची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. प्रत्यक्षात इतक्या जुन्या गाडीला बहुतेक वेळा तृतीय पक्षाचा विमाच मिळतो, आणि त्यात चोरीची भरपाई नसते. म्हणजे बाजारात जिच्यासाठी लोक नव्या गाडीएवढी किंमत मोजायला तयार आहेत, ती वस्तू चोरीला गेली तर हाती काहीच येत नाही. हँडलच्या कुलपावर विसंबू नये. मी चाकाला साखळी घालतो, आणि पेट्रोल पुढे जाऊ नये म्हणून टाकीचा कॉक बंद करतो. चोरी सुट्या भागांचीही होते. इंजिनाच्या कामासाठी गाडी एका गॅरेजमध्ये आठवडाभर ठेवली होती, तेथून ती परत आली तेव्हा मूळ मिककार्ब कार्ब्युरेटरच्या जागी नकली बसवलेला होता, आणि हे माझ्या लक्षात येईपर्यंत सहा महिने गेले होते. आता इंजिन खोलायचे असेल तर मी रजा काढून मिस्त्रींच्या शेजारी बसतो. आमचे आताचे मिस्त्री याचा राग मानत नाहीत. उलट प्रत्येक सुटा भाग माझ्या हाती देऊन “साहेब, हे नीट बघून ठेवा” असे म्हणतात, आणि अशा माणसाचा शोध हा गाडीच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, पीयूसी लागते, आणि २०१९ पूर्वीच्या वाहनांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बंधनकारक आहे. सायलेन्सर मूळचाच ठेवावा. फटाक्यासारखा आवाज काढणारे सायलेन्सर पोलीस जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, आणि ते योग्यच आहे, कारण या इंजिनाचा खरा आवाज खोल आणि मऊ आहे. रुग्णालयासमोरून जाताना ज्याची लाज वाटावी असा तो नाही.

परंतु माझ्या गाडीचे सर्वांत मोठे नुकसान रस्त्यावर झाले नाही, चोराने केले नाही आणि गॅरेजनेही केले नाही. ते माझ्या जपण्याने झाले. वडील गेल्यावर मी गाडीवर त्यांची जुनी चादर घातली आणि दोन वर्षे तिला हात लावला नाही. ती झिजू नये, तिला ओरखडा पडू नये, वडिलांनी ठेवली तशीच ती राहावी, असे मला वाटत होते. २०१८ मध्ये नोंदणीची मुदत संपत आली म्हणून चादर काढली, तेव्हा टाकीच्या तळाशी गंज धरला होता, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाळून त्याचा चिकट थर झाला होता, टायरच्या बाजूंना भेगा गेल्या होत्या, सीटखालच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, आणि इंजिनाचे तेल त्याच्या कप्प्यातून, पंपातून हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरले होते, कारण या इंजिनात तेल वेगळ्या कप्प्यात असते आणि गाडी फार दिवस उभी राहिली की ते तसे उतरतेच. हाफ इंजिन (म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाची दुरुस्ती), नवे टायर, नवी वायरिंग आणि टाकीची आतून सफाई असे करत अडतीस हजार रुपये गेले. वडिलांनी तेवीस वर्षे पावसापाण्यातून, शेणामातीच्या रस्त्यांवरून ती रोज चालवली, तेव्हा तिला असे कधीच झाले नव्हते.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपावर मिळते. इथेनॉल हवेतील ओल धरून ठेवते, आणि जुन्या गाड्यांतील रबराचे वॉशर, नळ्या व सील त्याचा विचार करून बनवलेले नाहीत. ऊस हा आमच्या जिल्ह्याचे जीवन आहे आणि मळीपासून इंधन होते याचा मला आनंदच आहे, पण गाडीच्या मालकाने त्यासाठी सावध राहायला हवे. मी पेट्रोलची नळी आणि कॉकमधील रबर दरवर्षी बदलतो, टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवड्याहून अधिक उभी करत नाही, आणि पावसाळ्यातही रविवारी निदान वीस किलोमीटर चालवतो. कारण दोन मिनिटे जागच्या जागी सुरू करून बंद केल्याने इंजिन पुरेसे तापत नाही, आणि आत साचलेला दमटपणा तसाच राहतो.

तेव्हा घ्यावी का? ज्याला रोज चाळीस किलोमीटर वाहतुकीतून कामावर जायचे आहे, ज्याच्याकडे दुसरे वाहन नाही, किंवा ज्याला हात काळे करायला आवडत नाही, त्याने घेऊ नये. ज्याच्याजवळ रविवारची सकाळ आहे, जवळपास जुन्या इंजिनाचा जाणता मिस्त्री आहे आणि घाटाचा रस्ता आहे, त्याने जरूर घ्यावी, आणि चालवण्यासाठी घ्यावी. सौद्याला जाताना क्रोम आणि रंग यांच्याकडे शेवटी बघावे. आधी इंजिन आणि चेसिस यांवरील क्रमांक आरसी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत, क्रमांकाभोवतीचा धातू घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला तर नाही ना हे बोट फिरवून तपासावे, आणि मग सिलिंडरला हात लावावा. तो गरम लागला, तर विक्रेत्याला नम्रपणे सांगावे की आम्ही उद्या सकाळी लवकर येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिनाला तिसऱ्या किकपर्यंत जाग आली, आणि सुरुवातीचा धूर पाच मिनिटांत विरला, तरच किमतीविषयी बोलायला बसावे.