सेकंडहँड रिअर शॉक घेताय? प्रेशरचा व्हिडिओ बघून पैसे पाठवू नका

फुल सस्पेन्शन एमटीबीसाठी (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल) फॉक्स कंपनीचा सेकंडहँड मागचा शॉक ऑनलाइन घेतला आणि चांगलाच फसलो, तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून लिहितोय. विकणारा परगावचा, बोलायला एकदम गोड, "दादा आत्ताच सर्व्हिस केलाय, बघा" म्हणत व्हिडिओ पाठवला. शॉक पंप लावलेला, काटा २०० पीएसआयवर, सकाळी तेवढाच संध्याकाळी पण तेवढाच. आता गंमत अशी की हवा टिकते म्हणजे फक्त एअर कॅनचे (बाहेरच्या हवेच्या नळकांड्याचे) सील बरे आहेत, आतला डॅम्पर (उसळी आवरणारा तेलाचा भाग) जिवंत आहे की मेलाय ते त्यातून कळतच नाही, आणि माझा मेलेला होता. नायट्रोजन गेलेला, तेलात हवा मिसळलेली, दाबला की पचपच आवाज आणि सुरवातीला रेझिस्टन्सच नाही. रिबाउंडचा (दबलेला शॉक किती वेगाने परत येतो त्याचा) नॉब कुठेही फिरवा, शॉक उसळीच मारतो.

सगळ्या फोटोत ती सॅग (आपण बसल्यावर शॉक किती दबतो ते) बघायची रबरची रिंग शाफ्टवर बरोब्बर एकाच जागी. पार्सल आल्यावर रिंग सरकवली तर खाली नखाला अडकेल एवढा ओरखडा. असा ओरखडा सील खातो, आणि मग नुसती सर्व्हिस करून भागत नाही, शाफ्ट किंवा बॉडीच बदलावी लागते, जे आपल्याकडे मिळवता मिळवता नवीन शॉकची किंमत होते.

फॉक्सच्या शॉकवर चार अक्षरांचा कोड असतो, कंपनीच्या साईटवर टाकला की मॉडेल, वर्ष, साइज सगळं निघतं. याच्या शॉकवरचा स्टिकर म्हणे "घासला गेला". कोड नसेल तर साइजवर पण भरवसा ठेवू नका, कारण २१०×५० आणि २१०×५५ (मिमीमध्ये लांबी × स्ट्रोक, म्हणजे शॉक किती दबतो) बाहेरून सारखेच दिसतात, फरक आत दबण्याला मर्यादा घालणाऱ्या स्पेसरचा. जास्त स्ट्रोकवाला चुकून बसवला तर काही फ्रेममध्ये मागचं टायर सीट ट्यूबला घासतं.

व्हिडिओ मागायचाच तर शॉक सायकलवर लावलेला मागा, सीट दाबून सोडायची, एकदा रिबाउंड पूर्ण बंद आणि एकदा पूर्ण उघडा, बंद असताना सीट सावकाश वर आली पाहिजे. रिंग सरकवून शाफ्ट सगळ्या बाजूंनी दाखवायला सांगा, आणि आवाज चालू ठेवा म्हणावं, मला आलेल्या व्हिडिओत मागे गाणं लावलं होतं.

यूपीआयने पैसे गेलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केलीये, विकणारा म्हणतो "वस्तू तर पाठवली ना".